दहावीचे ब्याण्णव, अकरावीचे नऊ

वाचकांचे प्रश्न

दर वर्षी गणपती गावाला गेले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. त्याआधीचे दोन-तीन महिने कोणते महाविद्यालय, कोणती शाखा आणि प्रवेशाची कितवी फेरी, हेच प्रश्न असतात. चाचण्यांचे गुण हाती आले की तीच मुले विचारू लागतात, की शाळेत इतके चांगले चालले असताना आता असे का झाले. ठाणे आणि नवी मुंबई या भागांतून आलेल्या अशा पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. नावे आणि महाविद्यालये गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राला जागा बरीच जास्त गेली आहे, कारण त्या मुलीने वहीची पाने सोबत पाठवली होती आणि नाडी हाताशी असली की निदान नेमके करता येते.

प्रश्न : आदरणीय सर, मी घणसोलीला राहते आणि ठाण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि मला ९२ टक्के गुण मिळाले. पहिल्या घटक चाचणीत मात्र भौतिकशास्त्रात २५ पैकी ९ गुण मिळाले. मी एकही तास बुडवलेला नाही, फळ्यावरचे सर्व उतरवून घेते आणि रोज रात्री तीन तास अभ्यास करते. एका प्रश्नाचे उत्तर तर मी वहीत होते तसे अक्षरशः लिहिले, तरी त्याचे गुण कापले. घरचे म्हणतात, झेपत नसेल तर वाणिज्य शाखेला जा. वहीची आणि उत्तरपत्रिकेची छायाचित्रे पाठवत आहे. शाळेत मी हुशार होते, हे सगळ्यांना उगाचच वाटत होते का?

उत्तर : तुझ्या वहीचे ते पान मी तीनदा पाहिले. अक्षर सुरेख आहे, शीर्षके लाल शाईने अधोरेखित केलेली आहेत, आकृती पट्टीने काढलेली आहे. एकतीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना अशा वह्या मला फार थोड्या पाहायला मिळाल्या. तिरप्या फेकलेल्या चेंडूचा पल्ला काढण्याचे सूत्र तू जेथे उतरवले आहेस, तेथे शेवटच्या ओळीत ‘साइन २०’ असे लिहिलेले आहे. फळ्यावर तेथे ‘साइन २ थीटा’ होते; थीटा (θ) हे कोनाचे चिन्ह. सरांनी घाईने काढलेल्या थीटाची मधली आडवी रेघ पुसट राहिली असणार, तुला तो थीटा शून्य वाटला आणि कोनाच्या दुपटीचे तुझ्या वहीत वीस झाले. उत्तरपत्रिकेतही तेच वीस आहे, आणि गुण तेथेच कापले आहेत. त्याखालचा उपप्रश्न होता, की चेंडू जास्तीत जास्त लांब जावा यासाठी तो कोणत्या कोनात फेकावा. तुझ्या सूत्रात कोनच शिल्लक राहिला नव्हता, म्हणून ती जागा तू कोरी सोडलीस. थीटा जागेवर असता तर दोन ओळींत काम झाले असते : साइनची सर्वांत मोठी किंमत १ असते, ती ९० अंशाला मिळते, म्हणजे थीटाची दुप्पट ९० आणि थीटा ४५ अंश.

हे वाचून हसू नकोस आणि रडूही नकोस. मला स्वतःला हे लिहिताना माझ्या फळ्यावरचे थीटा आठवले. किती वह्यांमध्ये त्यांची शून्ये झाली असतील, देव जाणे. आपण एवढेच पाहू, की ही चूक तुझ्या लक्षात का आली नाही आणि दुसऱ्या कोणाच्याही लक्षात का आली नाही, कारण तुझ्या नऊ गुणांचे उत्तर तेथेच आहे.

तुझ्या लक्षात न येण्याचे कारण साधे आहे. दहावीच्या त्रिकोणमितीत तू साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग बरोबर १ आणि त्यावरून निघणारी नित्य समीकरणे शिकलीस. कोनाच्या दुपटीची सूत्रे अकरावीच्या गणितात येतात. भौतिकशास्त्राला मात्र ती तिसऱ्याच प्रकरणात, प्रतलातील गती शिकवताना, लागतात. तुमच्या गणिताच्या सरांचा तो भाग झालेला असेलच असे नाही, कारण दोन विषयांची वेळापत्रके एकमेकांना विचारून चालत नाहीत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले दुसरे प्रकरण गणिती पद्धतींचे आहे ते याचसाठी, पण प्रवेशफेऱ्या लांबल्या आणि वर्ग उशिरा सुरू झाले की पहिला बळी बहुधा त्याच प्रकरणाचा जातो. म्हणजे जी ओळ तू उतरवलीस ती तुझ्यासाठी त्या वेळी चित्र होती. चित्र उतरवताना रेघ राहून गेली तर ते चुकले हे कळायला मूळ चित्र समोर लागते.

दुसऱ्या कोणाच्या लक्षात का आली नाही, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शाळेत हीच चूक झाली असती तर ती किमान तीन ठिकाणी पकडली गेली असती. बाईंनी वह्या तपासायला नेल्या असत्या आणि त्या वीसवर लाल गोल आला असता. गृहपाठातले उदाहरण सुटले नसते म्हणून दुसऱ्या दिवशी तू उभी राहिली असतीस. आणि चाचणीपूर्वीच्या उजळणीत तेच सूत्र पुन्हा फळ्यावर आले असते. शिकवणे, शिकवलेले तपासणे, विसरलेले परत आठवायला लावणे आणि धड्याचे रोजच्या घासाएवढे तुकडे करून भरवणे, ही चारही कामे शाळा करत होती आणि ती इतक्या सवयीने करत होती की ती कामे आहेत हेही तुला कधी दिसले नाही. महाविद्यालयात यांपैकी पहिले काम तेवढे प्राध्यापकांकडे राहते. उरलेली तीन कोणी काढून घेतलेली नाहीत, ती तुझ्याकडे आली आहेत. फक्त ती सोपवताना कोणी तुला तसे सांगितले नाही. शंभर मुलांच्या वर्गात वह्या तपासायच्या तर शिकवायचे कधी, ही प्राध्यापकांची अडचण खरी आहे, पण निदान पहिल्या आठवड्यात हे बोलून दाखवायला कोणाचे काही जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा तू शाळेत हुशार होतीस का, तर होतीस. त्या हुशारीला ज्या तीन कामांचा आधार होता तो आता तुला स्वतः उभा करायचा आहे.

आता रात्रीच्या तीन तासांविषयी. त्यांत तू काय करतेस हे तू लिहिलेले नाहीस, पण वहीतल्या ओळींवर दोन रंगांची पारदर्शक शाई फिरवलेली दिसते, त्यावरून तू वाचतेस, पुन्हा वाचतेस आणि महत्त्वाचे रंगवतेस, असा माझा अंदाज आहे. पुन्हा वाचण्याची गंमत अशी, की तिसऱ्या वेळी सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे असा आपला समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले आणि लिहून काढणारे पुढे गेले. रात्री अकरा वाजता तुला सगळे येत असते आणि चाचणीच्या दिवशी येत नाही, त्यातले पुष्कळसे यात येते.

म्हणून तीन तासांचा दीड तास कर, पण त्यातला मोठा भाग वही मिटून घालव. दुपारी ठाण्याहून घणसोलीला येताना गाडीत तुला पंधरा-वीस मिनिटे मिळतात. बसायला जागा मिळाली तर पाठकोऱ्या कागदावर, नाही मिळाली तर मनातल्या मनात, आज भौतिकशास्त्राच्या तासाला काय झाले ते पहिल्यापासून मांडत जा. ऐरोली येईपर्यंत तू कुठे तरी अडशील. जेथे अडशील ती ओळ कागदावर टिपून ठेव आणि घरी आल्यावर वहीत आधी तीच ओळ उघड. त्या ओळीपुढे एकच प्रश्न विचारायचा : वरच्या ओळीतून ही ओळ कशी आली? पुस्तकात उत्तर सापडले तर उत्तम. नाही सापडले तर दुसऱ्या दिवशी ती ओळ घेऊन सरांकडे जायचे. “सर, मला हे प्रकरण कळले नाही,” असे म्हटले तर कोणताही शिक्षक “पुन्हा वाच” याखेरीज काय सांगणार? तेच “सर, येथे दोन साइन थीटा कोसाइन थीटाचे साइन वीस कसे झाले?” असे विचारले असतेस, तर सरांनी अर्ध्या मिनिटात तुझा थीटा तुला परत दिला असता. शिक्षककक्षाच्या दाराशी घुटमळणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. आतले लोक चहा पीत असतात आणि कोणी ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारला तर त्यांना आनंदच होतो.

माध्यमाचा प्रश्न तू नुसता उल्लेखून सोडला आहेस, पण तो एवढा लहान नाही. चांगली बाजू अशी, की तुला जे नवे वाटते त्यातले बरेच तू आधीच शिकलेली आहेस. ‘मोमेंटम’ हा शब्द ऐकून तू बावरली असशील, पण तो नववीतला संवेग आहे. ‘ॲक्सलरेशन’ म्हणजे त्वरण, ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणजे विस्थापन, ‘इनर्शिया’ म्हणजे जडत्व. वहीच्या मागच्या पानापासून दोन रकाने आख, डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, उजवीकडे तुझा मराठी शब्द, आणि रोज भेटतील तेवढेच भर. येथे एक खड्डा आहे तो आधीच दाखवून ठेवतो. बोलताना आपण गाडीचा वेग ताशी साठ किलोमीटर म्हणतो, पण पुस्तकी मराठीत ती चाल आहे, म्हणजे ‘स्पीड’. वेग म्हणजे ‘व्हेलॉसिटी’, ज्याला दिशाही लागते. इंग्रजीत शिकलेली मुलेसुद्धा येथे पडतात, मात्र तुला हा फरक नववीत मराठीतून समजलेला आहे, तो टाकून देऊ नकोस. जुने शब्द सापडत नसतील तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. आधी मराठीत समजून घे, मग उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव कर. उत्तराची वाक्ये लहान आणि साधी असली तरी चालते. भौतिकशास्त्राच्या परीक्षकाला तुझ्या इंग्रजीच्या लालित्याशी कर्तव्य नसते.

शाखा बदलण्याचा निर्णय २५ गुणांच्या एका चाचणीवर घेऊ नये. सहामाही परीक्षेपर्यंत वर सांगितले तसे करून पाहा आणि त्यानंतरही गुण कमी आले तर आधी स्वतःला विचार, की एखादे उदाहरण स्वतःचे स्वतः सुटले तेव्हा बरे वाटले होते की नाही. नसेल वाटले, तर शाखा बदलण्यात काहीही कमीपणा नाही. मात्र वाणिज्य शाखा म्हणजे झेपत नसलेल्यांची धर्मशाळा, अशा समजुतीने तेथे जाऊ नकोस. पुस्तपालनाच्या, म्हणजे हिशेब लिहिण्याच्या विषयाच्या, पहिल्या महिन्यात हेच सगळे पुन्हा समोर येईल.

प्रश्न : सर, मी ठाण्यात प्रथम वर्ष कला शाखेत असून इतिहास हा माझा मुख्य विषय आहे. बारावीपर्यंत एक पाठ्यपुस्तक असायचे आणि स्वाध्यायाची उत्तरे त्यातच असायची. आता आम्हाला आठ पुस्तकांची यादी दिली आहे आणि टिपणे कोणी देत नाही. ‘साष्टीतील (म्हणजे ठाण्याच्या परिसरातील) पोर्तुगीज सत्तेचा अंत : कारणे तपासा’ या विषयावर मी अकरा पाने लिहिली, त्यावर शेरा मिळाला, ‘माहिती भरपूर, उत्तर नाही.’ म्हणजे नेमके काय चुकले?

उत्तर : असा शेरा लिहिणारे प्राध्यापक तुला मिळाले, हे तुझे नशीब समज. ‘ठीक’ असे लिहून पुढच्या कागदाकडे वळणे त्यांना जास्त सोपे होते.

तुझी अकरा पाने मी पाहिलेली नाहीत, पण त्यांत काय असेल याची कल्पना करू शकतो. पोर्तुगीज कधी आले, त्यांनी कोणते किल्ले बांधले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला कसा घेतला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई कशी पडली, हे सारे तारीखवार आलेले असणार. प्रश्न होता ‘कारणे तपासा’. शाळेत ‘कारणे लिहा’ असे विचारले जाते आणि पाठ्यपुस्तकातले पाच मुद्दे क्रमाने लिहिले की गुण मिळतात; ‘तपासा’ या शब्दाने मात्र तुझ्यावर न्यायनिवाडा सोपवलेला असतो. एक कारण दुसऱ्यापेक्षा वजनदार का, हे तुला दाखवायचे असते. उदाहरणच घ्यायचे तर ठाण्याचा किल्ला पटकन हाती आला आणि वसईला मात्र मोठा वेढा घालून सुरुंग लावावे लागले, हा फरक का पडला, असे स्वतःला विचारून बघ. ठाण्याचा किल्ला तेव्हा बांधून पूर्ण झालेला नव्हता. मग पोर्तुगिजांचा पराभव ठाण्यात अर्धवट तटबंदीमुळे झाला असे म्हणायचे, की तटबंदी पुरी करायलाही माणसे आणि पैसा पुरत नव्हता, हे खरे कारण मानायचे? आणि स्थानिक प्रजेच्या मनातला रोष या दोहोंपैकी कशाच्या बाजूला ठेवायचा? यांपैकी एक बाजू तू घेतलीस आणि ती का घेतली याचे पुरावे दिलेस, की चार पानांतही उत्तर होते. ज्या किल्ल्याविषयी तू अकरा पाने लिहिलीस तो आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. त्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या मुलांनी या विषयावर तारखांच्या पलीकडचे काही लिहावे, असे तुझ्या प्राध्यापकांना वाटले असेल तर ते स्वाभाविकच आहे.

आठ पुस्तके आठही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची नसतात, हे कोणी सांगत नाही म्हणून मुले पहिल्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत दमतात. त्यांतले एक, शक्यतो सर्वांत सुबोध, कण्यासारखे धर आणि ते नीट वाच. उरलेल्या सातांकडे प्रश्न घेऊन जायचे : अनुक्रमणिका पाहायची, शेवटची सूची पाहायची, हवी ती दहा-बारा पाने काढायची आणि तेथे हा लेखक पहिल्यापेक्षा वेगळे काय म्हणतो तेवढे टिपायचे. टिपताना पुस्तकाचे नाव आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहून ठेव. हा आळस मी विद्यार्थी असताना केला आहे आणि एका वाक्याच्या शोधात संपूर्ण रविवार घालवला आहे.

वेळेचा हिशेबही एकदा कागदावर कर. नव्या रचनेत लेखी विषयाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रभरात पंधरा तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला वर्गातले साठ तास मिळतात. बारावीच्या मानाने हे तास थोडे वाटतात आणि मुले मोकळा वेळ मिळाला म्हणून खूश होतात. तो मोकळा वेळ त्या आठ पुस्तकांसाठी ठेवलेला असतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गर्दी असेल तर आपल्या गावातले मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये ते सुरू केले. तेथे जाताना गाइड घरी ठेवून जा, नाहीतर हात आधी तिकडेच जातो.

प्रश्न : माझा मुलगा कोपरखैरण्यात अकरावी वाणिज्यला आहे. दहावीपर्यंत मी त्याचा अभ्यास रोज घ्यायचे. आता पुस्तके इंग्रजीत आहेत, मला समजत नाहीत आणि तो विचारले की चिडतो. महाविद्यालयात भेटायला गेले तर ‘मुलगा मोठा झाला आहे’ असे सांगून परत पाठवले. माझा घरगुती मसाल्यांचा छोटा उद्योग आहे, त्यातून वेळ काढून मी अजून काय करावे?

उत्तर : ताई, रोज अभ्यास घेणे आता थांबवावे, हे तुम्हाला पटणे अवघड आहे, पण ते थांबवावेच. दहा वर्षे तुम्ही त्याचे घड्याळ झालात, त्यामुळे त्याच्या खोलीत घड्याळ नाही. ‘अभ्यास केलास का’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर असते आणि ते खरे की खोटे हे तुम्हाला तपासता येत नाही, मग दोघांचीही संध्याकाळ वाया जाते.

मात्र तुमच्याजवळ एक गोष्ट आहे, जी बऱ्याच पालकांजवळ नसते. तुमच्या मसाल्यांचा गेल्या महिन्याचा हिशेब, म्हणजे मिरची-धने किती आणले, कांडपाचे किती दिले, कोणाकडे उधारी राहिली, हे सगळे ज्या डायरीत असेल ती डायरी त्याच्या हातात द्या आणि यावरून रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) आणि खतावणी (खातेवार नोंद) मांडून दे, असे सांगा. शेजारच्या वहिनींनी दोन किलो गोडा मसाला उधारीवर नेला, तर त्यांचे खाते नावे करायचे की जमा, हे त्याने तुम्हाला समजावून सांगायचे. त्याला सांगता आले तर पुस्तपालनाचा पाया पक्का आहे. नाही आले तर ते तुम्ही न रागावता त्याचे त्यालाच कळेल आणि तो पुस्तक उघडेल. पहिल्या महिन्यात दोन्ही बाजूंची बेरीज बहुधा जुळणार नाही. जुळवून देऊ नका.

प्रश्न : मी नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, मला गणितात चांगले गुण होते, पण पहिल्या वर्षाच्या गणितात मला केटी लागली आहे, म्हणजे तो विषय राहिला आहे. बारावीची दोन वर्षे मी क्लासमध्येच होतो, महाविद्यालयात फक्त प्रात्यक्षिकांना जात असे. आता क्लास नाही आणि वर्गात बसायची सवय राहिलेली नाही. बाबांना अजून सांगितलेले नाही. काय करू?

उत्तर : सीईटीच्या गणिताच्या भागात नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. चार पर्याय समोर असतात, चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत आणि तू उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचलास याची कोणी चौकशी करत नाही. दोन वर्षे तुला क्लासने याच शर्यतीसाठी तयार केले आणि ते काम त्यांनी चांगले केले. अभियांत्रिकीच्या गणितात एक अवकल समीकरण सोडवायला पानभर लागते, पर्याय नसतात आणि गुण वाटेचेच असतात. शेवटचे उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि पायऱ्या गाळून बरोबर उत्तर लिहिले तर पुष्कळदा त्याचे फारसे काही मिळत नाही. धावपटूला डोंगर चढायला लावल्यासारखे हे आहे. पाय मजबूत आहेत, पण दम वेगळा लागतो.

तेव्हा पुन्हा क्लास शोधू नकोस. जुन्या प्रश्नपत्रिकांतले एक पूर्ण उदाहरण रोज, एकही पायरी न गाळता, शाईच्या पेनने कागदावर लिहून काढ. पहिले दहा दिवस हात दुखेल आणि हे सगळे मला तोंडी येते, असे सारखे वाटेल. ते तोंडी येणेच तुला नडले आहे. वर्गात बसण्याचे म्हणशील तर हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम आहे म्हणून बस, सुरुवातीला एवढे कारणही पुरते. पहिल्या दोन बाकांवर बसलास तर भ्रमणध्वनी खिशातच राहतो.

केटीविषयी एक सांगतो. पूर्ण शब्द एटीकेटी; ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे सत्र पुढे चालू ठेवण्याची मुभा, असा त्या अक्षरांचा अर्थ आहे आणि त्या मुभेमुळेच तू आज दुसऱ्या वर्षात बसला आहेस. मुलांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा झाला, त्याला नियम जबाबदार नाही. पण नवे विषय चालू असताना जुना विषय सोबत ओढावा लागतो, आणि दुसऱ्या वर्षाचे गणित पहिल्याच वर्षाच्या गणितावर उभे असते, म्हणून येत्या परीक्षेत तो सोडवून टाक. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्यांचे एकाचे तीन झालेले मी पाहिले आहेत.

बाबांना मात्र याच आठवड्यात सांग, आणि सांगताना पुढचा बेतही हातात असू दे. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख सूचनाफलकावर लागेल तेव्हा शुल्काचे पैसे मागायला तुला त्यांच्याकडेच जायचे आहे.